कपडेच निघाले, तरी बातमी हवीच



‘बॅगेत कपडेच निघाले, मग बातमी देऊन घबराट कशाला?’ हा बेवारस बॅगेच्या बातमीवरचा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सवाल मला अजिबात पटला नाही. मी पुण्यात राहते. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत कुणीतरी सोडून गेलेल्या सॅकचा स्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला. सुरुवातीला तर सिलिंडर फुटल्याचीच चर्चा होती. त्या संध्याकाळनंतर बेवारस सामानाकडे काणाडोळा करणे मला जमलेले नाही, आणि कुणी करूही नये.

पत्रलेखकाचा राग थेट प्रक्षेपणावर असता, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याच्या वेळी वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात त्यावर कडक शब्दांत टीका केली आणि २०१५ मध्ये केबल नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. योग्यच झाले.

पण स्थानिक बातमीदाराचे काम वेगळे आहे. कोणता रस्ता बंद, बस कुठून वळवल्या, वस्तूला हात न लावता लांब जाऊन ११२ वर फोन करा, हे त्याने सांगितले नाही तर व्हॉट्सॲप सांगणारच, आणि काय सांगेल याचा नेम नाही! माझी तक्रार उलट आहे. संशयाची बातमी पहिल्या पानावर येते. बॉम्बशोधक पथकाने ‘धोका नाही’ म्हटल्याची मात्र आत, चार ओळींत. तीही पहिल्याच पानावर छापा.

— एक वाचक, पुणे