वाचनाची वही आपली आपणच लिहावी



दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी सगळेच वाचतात. पण घरी गेल्यावर रोज काय वाचले, याचा हिशेब कोणी ठेवायचा? गुरुजींनी की आईबाबांनी? माझ्या मते सहावी-सातवीच्या मुलांनी तो स्वतः ठेवावा, आणि खरा ठेवावा.

आधी माझी चूक सांगते. दिवाळीच्या सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांची नावे वहीत लिहून आणायची होती. मी बारा नावे लिहिली. वाचली होती चारच. बाकीची नावे मुखपृष्ठावरून उतरवली. वर्गात माझे कौतुक झाले, टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन आईला वही दाखवली. आईला वाचता येत नाही. ती नुकतीच कापूस वेचून आली होती. म्हणाली, "बारा वाचले ना, मंग त्यातली एक गोष्ट सांग मले." मी सातव्या नंबरच्या पुस्तकाचे नाव घेतले आणि गप्प बसले. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आमी कापूस येचतो तं काट्यावर वजन होते. तीस किलो भरला तं तीसच किलोचे पैसे भेटते. तुया वहीले असा काटा नाही का वं?"

मला रात्री झोप लागली नाही.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. मुलांना सात वर्षे मोफत शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून मिळावे, असा विचार तिथे पुढे आला. त्यातूनच नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामला मुले सूत कातीत आणि आपल्या कामाची नोंद ठेवीत. सूत जाडेभरडे निघाले तर लगेच दिसे. पण वाचन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वाचनाच्या वहीत खोटे लिहिणे फार सोपे आहे. तिथे काटा आपल्याच मनाचा लागतो.

आता मी वहीत चार रकाने आखले आहेत. तारीख, पुस्तकाचे नाव, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत वाचले, आणि शेवटी माझ्या शब्दांत एक वाक्य. पुस्तक आवडले नाही तर "अर्धे सोडले" असेही लिहिते. त्यात लाज कसली? पुस्तक घरी नसेल तर बालभारतीचे 'किशोर' मासिक वाचावे. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाईलवरही वाचायला मिळतात.

काही जण म्हणतील, मुलांवर सोपवले तर मुले वही लिहिणारच नाहीत. खरे आहे, काही दिवस राहतील. तूर सोंगायच्या वेळी माझे नऊ दिवस कोरे गेले. मी ते कोरेच ठेवले. नंतर बसून भरले असते तर पुन्हा तीच बारा पुस्तके झाली असती! कोऱ्या जागेवरून मला कळले की, संध्याकाळी थकवा येतो, म्हणून सकाळी शाळेआधी वाचावे. गुरुजींनी लाल शाईने खूण केली असती तर हे मला कळले नसते.

पालकांना एक विनंती आहे. "किती पुस्तके झाली?" असे विचारू नका. "आज काय वाचलं?" असे विचारा आणि थोडा वेळ ऐका. त्यासाठी स्वतःला वाचता आलेच पाहिजे असे नाही. माझी आई भाकरी थापता थापता ऐकते आणि मध्येच विचारते, "मंग काय झालं?" पुढचे वाचलेले नसले तर मला दुसऱ्या दिवशी वाचावेच लागते.

मित्रांनो, माझ्या वहीतली आठ नावे मी खोडली आहेत. टाळ्या मात्र परत देता येत नाहीत, म्हणून हे सर्वांसमोर भिंतीवर लिहिले. आज माझ्या वहीत सहा पुस्तके आहेत. कोणत्याही पुस्तकाची गोष्ट विचारा, सांगते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी