गळती घरातली आणि कायद्यातली

पावसाळा सरतो, परंतु भाड्याच्या घरांतून तो सहजासहजी निघून जात नाही. छताचे पोपडे पडत राहतात, कपाटामागे बुरशी चढते, विजेच्या बटणापाशी ओल झिरपते. तक्रार केली की मालक वरच्या बिऱ्हाडाकडे बोट दाखवितो, वरचे बिऱ्हाड गच्चीकडे. आणि गच्ची मालकाचीच असते. या टोलवाटोलवीत आणखी एक चातुर्मास निघून जातो.

ही केवळ गैरसोय मानून भागणार नाही. मुरलेले पाणी काँक्रीटमधील सळ्यांपर्यंत पोचले की त्या गंजून फुगतात, वरचे आवरण फुटते आणि त्या फटींतून पुढच्या वर्षी अधिक पाणी आत शिरते. आज दुर्लक्षिलेली ओल ही उद्या इमारतीच्या जिवावर बेतते.

या बाबतीत भाडेकरूला काही हक्कच नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या चौदाव्या कलमानुसार घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंनी एकेकट्याने वा मिळून ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी मुभा आहे. पावत्यांसह ठेवलेला हिशेब मालकावर बंधनकारक ठरतो. तेव्हा भाडेकरूंना आमचे सांगणे असे, की तोंडी विनवण्या पुरे झाल्या. नोटीस लेखी द्या, तिची पोच ठेवा, पावत्या जपा. मात्र रागाच्या भरात भाडे थकवू नका. घर खाली करवून घेण्याचे कारण आपण होऊन मालकाच्या हाती देण्यात शहाणपण नाही.

परंतु खरी मेख याच कलमात आहे. वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. महिना दोनशे रुपये भाडे भरणाऱ्या चाळकऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी सहाशे रुपये येतात. एवढ्यात गच्चीची गळती कोण थांबविणार? उलट ज्याचे भाडे बाजारभावाने चढे आहे, तो बहुधा अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. त्याची सारी भिस्त करारातील अटींवर, आणि त्या अटी आधीच छापून आणलेल्या! ज्याला कलम लागू आहे त्याला ते पुरत नाही, आणि ज्याला पुरले असते त्याला ते लागू नाही.

मालकांचीही बाजू आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्क्यांचीच वाढ दिली. तेवढ्यात इमारत राखणे कठीण, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गळती वाढू द्यायची आणि इमारत धोकादायक ठरली की भाडेकरूंना वाऱ्यावर सोडायचे, हा त्यावरचा उपाय नव्हे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले, की इमारत गेल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरताही नाही. ग्वाल्हेरच्या किला गेटाजवळ भाड्याने राहणारे मराठी कुटुंब असो की गिरगावातील बिऱ्हाड, ओल दोघांच्याही भिंतींना सारखीच. कायदे मात्र राज्यागणिक निराळे. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. त्यात इमारतीच्या सांगाड्याची आणि नळांची दुरुस्ती मालकाकडे दिली आहे. लेखी मागणी करूनही दुरुस्ती न झाल्याने राहण्यास अयोग्य ठरलेले घर पंधरा दिवसांच्या सूचनेने सोडण्याचा हक्कही त्यात आहे. परंतु राज्याने स्वीकारल्याखेरीज नमुन्याला कायद्याचे बळ येत नाही.

राज्य शासनाने दोन गोष्टी तातडीने कराव्यात. गळतीच्या दुरुस्तीपुरती एक-चतुर्थांशाची मर्यादा शिथिल करून प्रत्यक्ष खर्चाशी तिचा मेळ घालावा, आणि चौदाव्या कलमाचे संरक्षण परवानाधारकांनाही द्यावे. करारातील कोणत्याही अटीने ते काढून घेता येऊ नये. भाडे घेणाऱ्याने राहण्याजोगे घर द्यावे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य करण्यास आणखी एका पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.