आठ माणसांची होडी

परवा एका मीटिंगमध्ये प्रश्न आला, ‘या प्रोजेक्टवर रिसोर्सेस किती?’ अहो, आम्ही तिघं समोरच बसलो होतो!

मला फेरो बेटांवरच्या वल्हवायच्या होडीचं नाव आठवलं, ‘ऑट्टामान्नाफार’. ‘ऑट्टा’ म्हणजे आठ, आपल्या ‘आठ’चाच लांबचा चुलतभाऊ. ‘मान्ना’ म्हणजे माणसांची. ‘फार’ म्हणजे वाहन, ‘जाणं’ या क्रियापदातून आलेलं. झाली आठ माणसांची होडी! समुद्रापलीकडे नॉर्वेत मात्र ‘फेरिंग’, म्हणजे चार वल्ह्यांची. होड्यांचं घराणं एकच, पण तिकडे वल्ही मोजली, इकडे माणसं. तोर्शाव्हनला जुलैअखेरच्या ओलाव्हसेका सणात आजही अशा माणसं मोजणाऱ्या नावांच्या होड्यांच्या शर्यती रंगतात.

पुढच्या मीटिंगसाठी उत्तर तयार आहे, ‘रिसोर्सेस शून्य, माणसं तीन.’ काम गेलं तर? बघू. पण मोजणी तरी नीट होऊ दे ना!