प्रॅक्टिकल नंबर शून्य

मंडळी, सबमिशनच्या आदल्या रात्री कुठल्या रूममध्ये पायथन चालू आहे हे बघायला दार ठोठवावं लागत नाही. शिव्या कॉरिडॉरपर्यंत येतात. 'पिप इन्स्टॉल' फसलेलं असतं!

परवा असाच एक ज्युनियर आला. धाराशिवकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. उघडा लॅपटॉप हातात, स्क्रीनवर साठ-सत्तर ओळी एरर. म्हणतो, "दादा, मला नाही जमायचं हे. ब्रँच बदलून मिळेल का?" तोवर तिघांनी तीन सल्ले दिले होते : पायथन काढून परत टाक, विंडोज फॉरमॅट मार, नाहीतर सरळ कॉपी कर. एरर मात्र कोणीच वाचली नव्हती.

ती वरून वाचायचीच नसते. सगळ्यात खाली पिपची टीप असते, तिच्या जरा वर खरी ओळ सापडते. तिथे लिहिलं होतं : 'डिस्टयुटिल्स' नावाचं मॉड्यूल नाही. आता गंमत बघा. पठ्ठ्याने सीनियरच्या प्रोजेक्टमधली यादी जशीच्या तशी उचलली होती. त्यात नमपाय १.२१, म्हणजे २०२१ सालचं. आणि लॅपटॉपवर पायथन ३.१२. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून डिस्टयुटिल्स काढूनच टाकलंय. तयार पॅकेज, ज्याला 'व्हील' म्हणतात, ते मिळालं की पिप ते नुसतं उलगडून ठेवतं. आपल्या पायथनसाठी व्हील नसेल तर सोर्स आणून इथेच बांधायला बसतं. मेसमध्ये भाकरी मागावी आणि त्यांनी ज्वारीचं पोतं हातात द्यावं, तसं. रूमवर ना जातं, ना तवा!

यादीतला आवृत्तीचा आकडा खोडला, वेगळं व्हेन्व केलं. दोन मिनिटांत काम झालं. पोरगा हसला, पण 'ब्रँच बदलू का' हे माझ्या डोक्यातून जाईना.

लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. डेबियन १२ ने २०२३ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपला हात लावू देणं बंद केलं, तर आपल्या विंगमध्ये सर्रास 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' जोडून एंटर मारतात. अरे, नावातच 'मोडा' लिहिलंय की!

माझं स्पष्ट मत आहे, यात पोरांपेक्षा आपल्या लॅबची चूक जास्त. लॅबमध्ये सगळं आधीच टाकलेलं असतं. पहिल्या प्रॅक्टिकलला थेट प्रोग्रॅम. म्हणजे पोराची एररशी पहिली भेट होते ती रात्री दोन वाजता, एकट्याने, इंग्रजीत. त्याला वाटतं आपणच ढ.

सर, मॅडम, एक विनंती. पुढच्या टर्मला जर्नलमध्ये प्रॅक्टिकल नंबर शून्य घाला. मुद्दाम मोडलेलं इन्स्टॉलेशन द्या आणि खरी ओळ कुठली, ती का आली, एवढंच मराठीत लिहून घ्या. त्यावर सही आम्ही रांगेत उभं राहून घेऊ.