हूड उघडण्याआधी

पालकहो, गाडी बाहेरून चकचकीत ठेवणारे आपण हूड उघडायला मात्र कचरतो. आमच्या मते इंजिनाची सफाई घरीच करावी, मुलांना सोबत घेऊन करावी, पण प्रेशर वॉशरने मुळीच करू नये. तो शहाणपणा आम्ही एकदा केला. स्पार्क प्लगच्या खळग्यांत पाणी शिरले, दुसऱ्या दिवशी इंजिन आचके देऊ लागले आणि मराठीचा वर्ग बुडाला. (मुलांना त्याचे दुःख झाल्याचे दिसले नाही.)

आता इंजिन पूर्ण गार होऊ देतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, आणि नको तिथे बोटे घालण्यात मुले पटाईत. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि हवा आत घेणारी नळी प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकतो. सुकी पाने हाताने वेचायची, तेलकट भागावर डीग्रीझर लावून जुन्या टूथब्रशने घासायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलींना कोणीही हात लावायचा नाही.

खरा वाद झाला तो काळ्या पाण्यावरून. इथे अमेरिकेत रस्त्याकडेच्या जाळीत गेलेले पाणी बहुतेक गावांत शुद्ध न होता थेट ओढ्यात जाते. शाळेत हे शिकलेली आमची मुलगी ड्राइव्हवेवर आडवी उभी राहिली. तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा पाइप बंद. नुसती बादली आणि फडकी. वेळ दुप्पट लागतो, हे कबूल.