करमाफी आहे, हिशेबमाफी नाही

या आठवड्यात आमच्या वर्धेतल्या निवृत्त मास्तर काकांचं विवरणपत्र भरायला बसलो. पीपीएफच्या व्याजाचा आकडा मागितला, तर काका उसळले, "अरे बाबू, त्याच्यावर टॅक्सच नाही, मंग सांगाचं कायले?" खरंय, ते व्याज करमुक्त आहे; पोस्टाच्या बचत खात्याचंही ३,५०० रुपयांपर्यंत, संयुक्त खात्यावर ७,०००. पण आयटीआर-१ मध्ये करमुक्त उत्पन्नासाठी वेगळा रकाना दिलाय, तो काय शोभेला? माझं मत ठाम आहे : कर माफ असतो, हिशेब नसतो. शेजारच्या सेवाग्रामात १९३६ पासून राहिलेले बापू पैपैचा हिशेब ठेवायचे, एवढंच बोललो. काका गुमान उठले आणि पासबुक घेऊन आले; सोबत चहाही.