सामाईक सातबारा

आमचा एक सर्व्हर रोज पहाटे चार वाजता मरायचा. म्हणजे आम्हीच मारायचो. क्रॉनमध्ये एक ओळ होती, चार वाजले की प्रोसेस बंद करा आणि परत चालू करा. ही ओळ "तात्पुरती" म्हणून टाकली होती, त्याला आठ महिने झाले होते. का टाकली असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, दिवसभरात मेमरी वाढत जाते." एखाद्या घरात नळ गळत असतो, त्याखाली बादली ठेवलेली असते, आणि झोपण्याआधी कुणीतरी ती ओतून येतं ना, तसंच. नळाचं कुणी बघत नाही. बादली मात्र वेळेवर ओतली जाते.

तर आज त्या नळाबद्दल. विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांचा सी प्लस प्लसशी संबंध इंजिनिअरिंगच्या व्हायवापुरता आला त्यांनीही वाचायला हरकत नाही. भांडण कोडचं कमी आणि मालकीचं जास्त आहे.

आधी दोन मिनिटं पार्श्वभूमी. जावा किंवा पायथनमध्ये वापरून झालेली मेमरी उचलायला मागे कुणीतरी असतं. सी आणि सी प्लस प्लसमध्ये तसं कुणी नाही. जागा तुम्ही घेतली, तुम्हीच परत करायची. परत करायला विसरलात तर गळती. दोनदा परत केलीत तर हीपचा सत्यानाश. आणि परत केल्यावरही वापरत राहिलात तर सगळ्यात वाईट, कारण प्रोग्राम लगेच पडेलच असं नाही. तो चालत राहतो आणि तिसऱ्याच ठिकाणी, तिसऱ्याच दिवशी पडतो. क्रोमियमवाल्यांनी 2020 मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-बग्जचा हिशोब मांडला तेव्हा साधारण 70 टक्के मेमरीच्या चुका निघाल्या, आणि त्या मेमरीच्या चुकांपैकी निम्म्या तर निव्वळ या "परत करून वापरलं" प्रकारातल्या होत्या. ही माणसं काही कच्ची नव्हेत. तेव्हा "नीट लक्ष देऊन कोड लिहा" हा सल्ला देणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

यावर सी प्लस प्लसचं उत्तर म्हणजे स्मार्ट पॉइंटर. 2011 च्या स्टँडर्डमध्ये ते रीतसर आले. युनिक पॉइंटर म्हणजे एकच मालक, मालक संपला की वस्तू आपोआप परत. शेअर्ड पॉइंटर म्हणजे अनेक मालक आणि एक मोजणी. नवा मालक आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा, शून्य झालं की परत. आणि वीक पॉइंटर म्हणजे ज्याला पत्ता माहीत आहे पण हक्क काही नाही. जाऊन दार वाजवायचं, घर असेल तर आत, नसेल तर आलं तसं परत.

आता गोष्ट. आमच्या सर्व्हरला गाड्यांवरची जीपीएस यंत्रं जोडलेली असतात. आठेक हजार गाड्या, त्यात बरेचसे दुधाचे टँकर. टँकरमधलं तापमान वाढलं की अलार्म द्यायचा, हेही आमचंच काम. प्रत्येक जोडणीचा एक सेशन, आणि प्रत्येक सेशनचा एक टायमर. यंत्र बराच वेळ गप्प बसलं की टायमर सेशनला उठवतो.

हा भाग आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने लिहिला होता. कॉलेजातून येऊन चार महिने झालेले. रिव्ह्यूच्या वेळी तिने मला विचारलं, "अरे, पण हा सेशन नक्की कुणाचा? कनेक्शन तुटलं तर कोण डिलीट करणार, मॅनेजर की टायमर?" संध्याकाळचे सात वाजलेले, दुसऱ्या दिवशी रिलीज. मी म्हणालो, "शेअर्ड पॉइंटर टाक ना सगळीकडे. कटकट मिटेल."

तिने टाकले. कटकट मिटली. म्हणजे दिसेनाशी झाली.

झालं काय, तर सेशनकडे टायमरचा शेअर्ड पॉइंटर. टायमरकडे एक कॉलबॅक. आणि त्या कॉलबॅकच्या लॅम्डामध्ये पकडून ठेवलेला सेशनचा शेअर्ड पॉइंटर. सेशन म्हणतो टायमर गेल्यावर जातो, टायमर म्हणतो आधी तुम्ही. लखनौच्या "पहले आप"सारखं. फक्त इथे गाडी सुटून गेली तरी दोघे फलाटावर उभेच, आणि मोजणी एकच्या खाली कधी येतच नाही. जोडणी नीट बंद झाली तर आमचा कोड कॉलबॅक पुसून टाकायचा, त्यामुळे तिथे सगळं छान. पण घाटात नेटवर्क अचानक तुटलं की तो रस्ता वेगळा होता, आणि त्या रस्त्यावर कुणी काहीच पुसत नव्हतं. टेस्टमध्ये सॅनिटायझर हिरवागार, कारण टेस्टमध्ये घाट नव्हता.

हिशोब साधा आहे. एक गाडी दिवसात दहा-अकरा वेळा नेटवर्क गमावते. आठ हजार गाड्या धरल्या तर जवळपास 90,000 मेलेले सेशन. प्रत्येकाकडे 64 केबीचा बफर. म्हणजे रोज साडेपाच जीबी. म्हणून चार वाजताची बादली.

एके पहाटे चार वाजता नेहमीप्रमाणे सर्व्हर परत चालू झाला, आठ हजार यंत्रं एकदम जोडायला धावली, सगळं जागेवर यायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत एका टँकरचा अलार्म आला आणि हरवला. चार वाजता दुधाचे टँकर रस्त्यावर असतात, हे आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको होतं. ओळ टाकताना "पहाटे लोड कमी असतो" एवढंच बघितलं होतं. टँकरभर दूध नासलं.

सकाळच्या कॉलवर ग्राहकाची माणसं, आमचे मॅनेजर, सगळे. ही ओळ कुणाची, असा प्रश्न आला. गिटने तिचं नाव दाखवलं. गिट सल्ला देणाऱ्याचं नाव दाखवत नाही. मी लगेच बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो. दहा-पंधरा मिनिटं मी म्यूटवरच होतो आणि ती एकटी उत्तरं देत होती. मग बोललो. पण ती दहा मिनिटं काही परत येत नाहीत.

असो. आता माझं मत सांगतो, शिव्या नंतर घाला. शेअर्ड पॉइंटर बहुतेक वेळा मेमरीचा प्रश्न सोडवायला वापरला जात नाही. तो "मालक कोण" हा प्रश्न टाळायला वापरला जातो. आणि तो टाळायचं इतकं सोयीचं साधन दुसरं नाही, कारण कोड कंपाइल होतो, चालतो, पडत नाही, आणि वर "आम्ही मॉडर्न सी प्लस प्लस लिहितो" म्हणून मिरवताही येतं.

आमच्या गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. आजोबांच्या मागे वारस लागले, वाटणी झालीच नाही. विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा ती दुरुस्त कुणी करायची यावर एक अख्खा उन्हाळा गेला. मोटार सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. आणि बांधावरचं सुकलेलं झाड तोडायचं म्हटलं तरी कुणीतरी म्हणतं, माझी सही कुठाय? शेअर्ड पॉइंटरची मोजणी म्हणजे हाच सामाईक सातबारा. ती तुम्हाला फक्त अजून किती जण आहेत एवढं सांगते. कोण आहेत, का आहेत, कधी जाणार, ते नाही सांगत. डिबगरमध्ये मोजणी 3 दिसते, आणि मग तुम्ही रात्री अकरा वाजता ते तिघे कोण हे शोधत बसता.

गंमत म्हणजे सातबारा बनवणाऱ्यांना हे सगळं आपल्या आधी कळलं होतं. मालकाचं नाव वेगळं, आणि कुळाचं नाव किंवा बँकेचा बोजा "इतर अधिकार" या रकान्यात वेगळा. वहिवाट आणि मालकी एक नव्हे. कोडमध्येही एखाद्या फंक्शनला वस्तू दोन मिनिटं वापरायची असते, तेव्हा तिला साधा रेफरन्स द्यावा, ती वहिवाट झाली. लोक तिथेही शेअर्ड पॉइंटर कॉपी करून देतात. दोन मिनिटांसाठी बसायला आलेल्या पाहुण्याचं नाव सातबाऱ्यावर! त्यात अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये प्रत्येक कॉपीला मोजणी अ‍ॅटॉमिक पद्धतीने वाढवायची आणि कमी करायची, तो खर्च वेगळाच.

मालकी द्यायचीच असेल तर फेरफार करा, उघड. युनिक पॉइंटर कॉपी होत नाही, मूव्ह करावा लागतो, आणि मूव्ह हा शब्द कोडमध्ये डोळ्यांना दिसतो. हे शहाणपण ठेच लागून आलेलं आहे. 1998 च्या स्टँडर्डमध्ये ऑटो पॉइंटर नावाचा प्रकार होता. तो दिसायला कॉपी व्हायचा आणि खरं तर मालकी हळूच दुसऱ्याकडे जायची, मूळ पॉइंटर रिकामा. झेरॉक्स काढायला दिली आणि जमीन गेली असा प्रकार. 2011 मध्ये त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली आणि 2017 च्या स्टँडर्डमधून तो काढलाच.

मग शेअर्ड पॉइंटर वापरायचाच नाही का? तसं नाही. आमच्याच सर्व्हरमध्ये एक जागा आहे जिथे तो अगदी चपखल बसतो. कॉन्फिगरेशन बदललं की आम्ही नवी प्रत लावतो, पण काही थ्रेड अजून जुनी वाचत असतात. शेवटचा वाचणारा कोण असेल हे आधी खरंच कुणालाच माहीत नसतं. तो उठला की जुनी प्रत गेली. इथे मालकी खरीच सामाईक आहे, आणि प्रत एकदा बनली की तिच्यात कुणी बदल करत नाही, म्हणून भांडणही नाही. "माहीत असणं शक्यच नाही" आणि "विचारायचा कंटाळा आला" यांत फरक आहे एवढंच म्हणतोय. सी प्लस प्लसच्या कोअर गाइडलाइन्ससुद्धा हेच सांगतात, सामाईक मालकीची खरी गरज नसेल तर युनिक वापरा. मी त्या वाचल्या होत्या हो. सात वाजले होते म्हणून आठवल्या नाहीत.

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी रस्टचं नाव घेणार, तेव्हा मीच घेतो. 2015 मध्ये रस्टची 1.0 आवृत्ती आली आणि तिने हा प्रश्न थेट कंपायलरच्या तोंडी घातला. मालक कोण, उधार कुणी घेतलंय, किती वेळ? उत्तर पटलं नाही तर पुढे जाऊ देत नाही. तलाठी आप्पा कागद परत करतात तसं. मला रस्ट आवडते, शनिवारी तिच्यातच खेळतो. पण आमची ही गळती रस्टने थांबवली असती का? नाही. आरसी आणि आर्क तिथेही आहेत, त्यांचं चक्र तिथेही बनतं, आणि रस्टच्या हिशोबात गळती ही "असुरक्षित" गोष्ट धरलेलीच नाही. 1.0 येण्याच्या अगदी तोंडावर यावरून तिथे मोठा वाद झाला होता आणि स्कोप्ड थ्रेडचं तेव्हाचं एपीआय काढून टाकावं लागलं, कारण ते डिस्ट्रक्टर नक्की चालेल असं धरून बसलं होतं. कंपायलरशी भांडून कंटाळलेली माणसं सगळीकडे आर्क आणि म्युटेक्स लावतात तेव्हा मला माझेच सात वाजलेले आठवतात.

आमच्या गळतीचा पहिला इलाज दोन ओळींचा होता. लॅम्डामध्ये शेअर्डऐवजी वीक पॉइंटर पकडला. गळती त्याच दिवशी थांबली. पण त्या मुलीने तिथे थांबायला नकार दिला. म्हणाली, "वीक टाकून चक्र तुटलं, पण माझा प्रश्न तसाच आहे." मग आम्ही दोघे फळ्यापुढे उभे राहिलो. उत्तर निघायला वीस मिनिटं लागली. सेशनचा मालक मॅनेजर, युनिक पॉइंटरने. टायमर सेशनच्या पोटात, वेगळा पॉइंटरच नाही. कॉलबॅककडे फक्त सेशनचा नंबर. तो मॅनेजरला विचारतो, हा नंबर आहे का? नसेल तर गुपचूप परत. आमचा इव्हेंट लूप एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे लॉकचीही भानगड नाही. त्या पूर्ण मॉड्यूलमध्ये आता एकही शेअर्ड पॉइंटर नाही. आठ महिन्यांपूर्वीही ही वीस मिनिटंच लागली असती.

क्रॉनची ओळ मी स्वतः काढली. कमिट मेसेजमध्ये, रिव्ह्यूमध्ये चुकीचा सल्ला मी दिला होता, असं माझ्या नावासकट लिहिलं. गिटमध्ये आता तेही दिसेल.

गेल्या गुरुवारी मी एक पुल रिक्वेस्ट टाकली. कॅशचं काम, चार ठिकाणी शेअर्ड पॉइंटर. तासाभरात तिची कॉमेंट आली, दोनच शब्द: "मालक कोण?" मी तीन दिवस विचार करतोय. एका ठिकाणचं उत्तर माझ्याकडे आहे. उरलेल्या तीन ठिकाणांचं सोमवारी बघतो.